कॅसेट अजून चालते

जुलैमध्ये आमच्या शेणव्याला सलग दोन दिवस लाईट नव्हती. कुठेतरी तारांवर झाड पडलं होतं. फोनची बॅटरी जपायची म्हणून गेम बंद, आणि गेम बंद म्हटल्यावर हातांना चैन पडेना. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. जुन्या वह्या, फुटका कंदील, आणि तळाशी टीव्ही गेम. मी सहावीत असताना बाबांनी म्हशाच्या जत्रेत घेऊन दिलेला. एकीकडे बैलांचा बाजार, दुसरीकडे पाळणे, आणि मी त्या दुकानासमोरून हलायला तयार नव्हतो. पिवळी कॅसेट, तिच्यावर मोठ्या आकड्यांत ‘९९९९९९ इन १’. आत खरे गेम जेमतेम चार-पाच, बाकी तेच पुन्हा नावं बदलून. म्हणजे लबाडी तेव्हाही होती. पण ती एकदाच झाली, आणि ठरलेल्या पैशांत झाली.

लाईट आल्यावर जुन्या डबा टीव्हीला जोडून बघितला. आधी पडद्यावर नुसत्या रेघा. कॅसेट काढली, फुंकर मारली, परत दाबली. काँट्रा सुरू झाला. वीसेक वर्षांनी. ना लॉगिन, ना ओटीपी, ना अपडेट.

त्याच्या आदल्याच आठवड्यात माझ्या फोनमधल्या एका नावाजलेल्या गेमची आयडी कायमची बंद झाली होती. चार वर्षं खेळलेली. का बंद केली ते अजून कळलेलं नाही. तक्रार केली की ठरावीक उत्तर येतं, ‘नियमांचा भंग’. कुठला नियम, कधी मोडला, ते कोणी सांगत नाही. हॅक मी कधी वापरला नाही. त्या आयडीवर किती पैसे घातले ते मी बसून मोजलं. ११,४८० रुपये. बाबांना सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.

शहापूर-मुरबाडकडच्या गेम खेळणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी हे लिहितोय. गेम सोडा असं सांगायला मी बसलेलो नाही. मी भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला आहे. रात्रपाळी करून आल्यावर अर्धा तास खेळलो नाही तर मला झोप लागत नाही. कोणी कीर्तनाला जातो, कोणी क्रिकेटच्या टुर्नामेंटला, तसं हे. माझं म्हणणं पैशाबद्दल आहे. गेमवर जे आपण ‘विकत घेतलं’ म्हणतो, त्यातलं आपलं किती असतं ते एकदा बघा, आणि मग खिशात हात घाला.

आपल्याकडे खेळणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. रेंज घरात नाही, पाण्याच्या टाकीपाशी आहे, म्हणून संध्याकाळी टाकीच्या कठड्यावर पाच-सहा जण माना घालून बसलेले. दिवसाचा दीड जीबी डेटा, आणि अपडेट आला की तो सगळा एका घासात गिळतो. फोन तीन जीबी रॅमचा, त्यामुळे समोरचा दिसायच्या आधीच आपण मेलेलो. मॅच शेवटाला आली की हमखास कोणीतरी ‘म्हशी सोडल्यात का’ म्हणून फोन करणार. पावसात टॉवर गेला की तुम्ही मॅच सोडून पळालात असं धरून गेम तुमचीच रँक कापतो. महावितरणला शिक्षा नाही, आपल्याला. हे सगळं आपण हसून सोसतो. सोसायला माझी हरकत नाही. पण गेम बनवणाऱ्यांना या सोसण्याची किंमत करता येते, हे विसरू नका. हरलेला, चिडलेला, रँक गेलेला माणूसच ‘नवीन गन स्किन, फक्त आज’ यावर बोट दाबतो. ते बटण त्या वेळेला तिथे आपसूक आलेलं नसतं.

या बटणांबद्दल अमेरिकेत मोठं प्रकरण झालं. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीला डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ५२ कोटी डॉलर भरायला लावले. त्यातले साडेचोवीस कोटी केवळ या कारणासाठी, की बटणांची मांडणी अशी होती की माणसाच्या नकळत खरेदी व्हावी, आणि ते पैसे गिऱ्हाइकांना परत करायचे होते. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला असल्या तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं त्यात आहे, शेवटच्या पायरीला किंमत वाढवणं त्यात आहे. अशी तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. फोन लावल्या लावल्या पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही. पण नोंद झाली तर आकडा वाढतो, आणि आकडा नसला की सगळे म्हणतात कोणाची तक्रारच नाही.

आता क्रेट. फ्री फायरवाले स्पिन म्हणतात, काही म्हणा. पैसे टाकायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर. आपल्या आजोबांच्या पिढीला हे नवीन नव्हतं. १९६२ मध्ये मुंबईत वरळीला कल्याणजी भगत यांनी आकड्यांचा जुगार सुरू केला, त्याचा पुढे ‘कल्याण मटका’ झाला. (आपल्या कल्याणचा त्याच्याशी संबंध नाही, नाव त्या माणसाचं. तरी बदनामी गावाच्या वाट्याला आली.) मातीच्या मटक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. त्या मटक्याने गिरणगावातले किती पगार खाल्ले ते जुन्या माणसांना विचारा. आजच्या क्रेटमध्ये फरक एवढाच की आकडा लागला तरी हातात पैसे येत नाहीत. येतो तो बंदुकीचा रंग.

हिशेब करून बघू. समजा एखादी स्किन निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. पोरं मनात धरतात की शंभर क्रेट उघडले म्हणजे ती मिळणारच. तसं होत नाही. शंभर पोरांनी प्रत्येकी शंभर क्रेट उघडले, तरी त्यातल्या छत्तीस-सदतीस जणांच्या हाती ती लागत नाही. मागच्या नव्व्याण्णव वेळा काही निघालं नाही हे त्या क्रेटला ठाऊक नसतं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायचे असले डबे जुगारात मोडतात असं ठरवलं, आणि कंपन्यांना ते तिथे बंद करावे लागले. ॲपलने २०१७ च्या शेवटापासून आपल्या दुकानातल्या गेमना शक्यतेचे आकडे आधी दाखवायची सक्ती केली. म्हणून स्पिनच्या कोपऱ्यात ते बारीक प्रश्नचिन्ह किंवा ‘आय’चं चिन्ह असतं. एकदा दाबून वाचा. मी चार वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं.

लहान मुलांच्या खर्चाचं काय? बीजीएमआय हा गेम २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांसाठी मर्यादा घातली, म्हणून कौतुक झालं होतं. तीन तास खेळ, आणि खर्च दिवसाला सात हजार रुपयांपर्यंत. महिन्याला नव्हे, दिवसाला. आवणीला दोन आठवडे चिखलात वाकून माझ्या आईच्या हातात तेवढे येतात. कोणाचा पोरगा डोळ्यांपुढे ठेवून ही मर्यादा ठरवली असेल ते ठाऊक नाही, आमच्या पाड्यावरचा नक्कीच नाही.

भातसा धरण आपल्या तालुक्यात, तानसाही आपल्याच तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल लागला की आपल्या पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. गेमचंही तसंच आहे. आयडी तुमच्या हातात, पण नळाची चावी दुसऱ्याकडे. पब्जी मोबाइल २ सप्टेंबर २०२० ला एका सरकारी आदेशाने आणखी ११७ ॲपसोबत गेला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानातून गायब झाला तो मे २०२३ मध्ये परत आला, आणि त्या दहा महिन्यांत ज्याने फोन बदलला तो डाउनलोडसाठी वणवण फिरला. बंदी बरोबर की चूक हा माझा विषय नाही. माझा विषय इतकाच की तुम्ही टॉपअप केलात तेव्हा यातलं काहीच तुमच्या हातात नव्हतं.

फुकट गेमचं सोडा, पूर्ण पैसे मोजून घेतलेल्याची कथाही तीच. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. लोकांनी पूर्ण किंमत देऊन घेतला. मार्च २०२४ अखेर कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम संपला, एकट्याने खेळायचा म्हटलं तरी चालेना. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. त्यांचं मागणं फार मोठं नाही. कंपनीने गेम सोडून द्यायचा असेल तर द्यावा, पण विकत घेणाऱ्याला तो खेळता येईल अशा स्थितीत सोडावा. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की नुसता वापराचा परवाना देत असाल, तर ‘विकत घ्या’ म्हणून भुलवायचं नाही, ते स्पष्ट सांगायचं. आपल्याकडे अजून तसं काही सांगत नाहीत. म्हणून तुम्हीच मनातल्या मनात ‘बाय’च्या जागी ‘भाडं’ वाचा. भाडं म्हणून पंचवीस-पन्नास रुपये पटतात का? पटत असतील तर खुशाल द्या. करमणुकीला पैसे लागतात, आपण पिक्चरचं तिकीट काढतोच. फक्त ती इस्टेट आहे असं समजून हजार घालू नका.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन आहे अशी चार-दोन पोरं आता शहापुरात आणि मुरबाडातही आहेत. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. त्यांना माझं सांगणं की पहिल्या दिवशी घेऊ नका, आणि आगाऊ तर मुळीच नाही. सरळगावच्या बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खोंड आहे की मुरलेला ते बघतो. फोटो बघून कोणी बैल घेत नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तो जुन्या प्लेस्टेशनवर इतका मोडका होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. पुढे दुरुस्त होऊन तोच गेम चांगला निघाला, तोही कमी पैशांत. थांबलेल्याचं काय नुकसान झालं? आपल्या जवळचं उदाहरण प्रिन्स ऑफ पर्शियाचं. जुना गेम नव्याने करायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओकडे आलं, सप्टेंबर २०२० मध्ये जाहीरही झालं. मला किती आनंद झाला होता! पुढच्या जानेवारीत येणार होता. तारखा पुढे जात राहिल्या आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलला गेलं. यात तिथे राबणाऱ्या पोरांना दोष देऊ नका. तारीख ठरवणारे वेगळे आणि रात्री जागणारे वेगळे, हे गोदामात काम करणाऱ्याला तरी सांगावं लागत नाही. स्टीमवर घेतला असेल तर एक सोय लक्षात ठेवा. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. बाजारात बैल चालवून बघण्यासारखंच आहे ते, वापरा.

मग पैसे कशावर घालायचे, असं विचाराल. माझी आवड सांगतो. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ नावाचा शेतीचा गेम आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला, २०१६ मध्ये आला, आता फोनवरही चालतो. एकदा पैसे दिले की झालं, आत दुकान नाही, आणि नेट नसलं तरी चालतो. घरचे हसतात, दिवसभर भात लावून आल्यावर परत शेतीच काय खेळतोस म्हणून. पण तिथे उद्या पाऊस आहे का ते टीव्ही खरं सांगतो, आणि रानडुकरं रातोरात वाफा उलटा करत नाहीत. कॉम्प्युटर असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ बघा. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही, तरी नेटाने २०२० मध्ये गेम आणला. त्रिशूळ घेऊन भावाला शोधत निघालेली मुलगी. फुकटच हवं असेल तर लिचेसवर बुद्धिबळ खेळा, तिथे जाहिरातही नाही. हे गेम मी वर्षभराने उघडले तरी जिथे सोडले तिथेच सापडतात.

पैसे लावून खेळायच्या ॲपबद्दल थोडक्यात. रमी, फँटसी टीम, रंग ओळखा, हे गेम नव्हेतच. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींच्या सहीने नवा कायदा झाला. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. त्यानंतर टेलिग्रामवरून ‘ही एपीके टाक, बोनस मिळेल’ म्हणून जे येतंय, ते चोरच आहेत असं समजून चाला. आणि एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैसे बुडाले असतील तर घाबरून गप्प बसू नका, आणखी कर्ज काढून ते परत मिळवायला तर जाऊच नका. १९३० ला फोन लावा, जितका लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. शहापूर, किन्हवली, मुरबाड, जे पोलीस ठाणे जवळ असेल तिथे जा. एकटं जायला भीती वाटली तर गावातला कोणी मोठा सोबत न्या. स्वस्तात यूसी आणि डायमंड, म्हणजे गेममधले पैसे, विकणाऱ्यांचीही तीच गत. निम्म्या किमतीत टॉपअप देणारा एकतर चोरीच्या कार्डाने देतो, नाहीतर देतच नाही. आयडी विकत घेणं-विकणंही तसंच. विकणारा चार दिवसांनी जुन्या ईमेलवरून ती परत खेचून घेतो, आणि तुम्ही कुठे दाद मागणार?

आता आईबापांना. काका, काकू, फोन आपटून फोडू नका. मी बघितलंय, आमच्या इथे एकाने फोडला आणि पोरगा महिनाभर घरात बोलला नाही. फोन तर ईएमआयवर होता, हप्ते चालूच राहिले. त्यापेक्षा एका संध्याकाळी शेजारी बसा आणि विचारा, हा कोण, तो कोण, तू कुठला. पोरगं उड्या मारत सांगेल. मॅच वीस-पंचवीस मिनिटांची असते, मध्येच उठता येत नाही, एवढं जरी कळलं तरी जेवायला हाक मारायची वेळ जमवता येते. काळजी कधी करायची? शाळा बुडायला लागली, झोप उडाली, जुने मित्र तुटले, पैसे नाहीसे व्हायला लागले, आणि हे महिनोन्‌महिने चाललं, तर. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला आजारांच्या यादीत घेतलं आहे. तेव्हा बाहेरचं बघायला भगताकडे नेऊ नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि तुमच्या बँकेचं ॲप ज्या फोनमध्ये आहे, तो पोराच्या हातात देण्याआधी एक काम करा, किंवा पोराकडूनच करून घ्या. प्ले स्टोअर उघडायचं, वर कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबायचं. ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये ‘बजेट अँड हिस्टरी’ आहे. तिथे आजवर काय काय घेतलं ते तारखेसकट दिसतं. सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करा. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ बघा, कुठे दर महिन्याचा हप्ता लागलेला आहे का. चुकून काही कापलं गेलं असेल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत गुगलकडे परत मागा. त्यानंतर गेमवाल्यांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि ते दार कसं उघडतं ते मी वर सांगितलंच.

खरेदीची ती यादी आज रात्री उघडा. बेरीज तोंडी करू नका, कागदावर मांडा. माझ्या कागदावर सगळ्यात मोठी रक्कम होती १,५९९, तारीख गेल्या गणपतीतली, वेळ रात्री दोनची. काय घेतलं होतं ते मला आठवलंही नाही. शेजारी टीव्हीवर काँट्रा चालू होता, आणि माझा पुतण्या म्हणत होता, काका, दुसरा रिमोट चालतो का, मलाही द्या.